तुझ्या यादीतले आरोपी

प्रिय गड्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. पहिल्या पानावर बायोप्सीचा निकाल, क्रोन्स, म्हणजे आतड्याची जुनाट सूज, दुसऱ्यावर आरोपींची यादी: पाणी, बाहेरचं खाणं, लहानपणी घशासाठी घेतलेली अँटिबायोटिक्स, टेन्शन आणि आजोबांचं ‘नाजूक पोट’. खाली दोन रेघा मारून प्रश्न, ‘यातलं नेमकं कशाने झालं?’ अरे, अकरा वर्षांपूर्वी मीही अशीच यादी केली होती, औषधाच्या चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूला. तुझी जास्त नीटनेटकी आहे, एवढाच फरक.

मात्र तुझ्या यादीत एक नाव नाही. मुद्दाम गाळलंस की सवयीने, ते तुझं तुला माहीत. त्याच्याकडे येतोच.

आधी आजोबांना सोडून देऊ. आनुवंशिकता आहे, नाही असं नाही. क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक, नॉड-टू, 2001 साली सापडलं आणि आता जनुकसंचातल्या अशा दोनशेहून जास्त जागा माहीत आहेत. पण हुबेहूब जुळ्यांकडे बघ. जनुकं अगदी तीच, तरी एकाला क्रोन्स असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आतच राहतं. माझ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तशाच जुनाट सुजेत, तर त्याहूनही बरंच कमी. म्हणजे दारूगोळा आजोबांनी भरून ठेवला असेलही, पण काडी कुणीतरी बाहेरून लावली.

हे ‘बाहेरून’ किती खरं आहे, ते मला पटलं फेरो बेटांच्या आकड्यांवरून. अटलांटिकमधली ही चिमुकली बेटं, आणि आपल्या या दोन आजारांचं प्रमाण तिथे जगात सर्वांत वरच्या रांगेत. तिथली माणसं डेन्मार्कला राहायला गेली तर पहिली दहा वर्षं त्यांना कोलायटिसचा धोका डेन्मार्कच्या लोकांच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यानंतर फरक उरत नाही. जनुकं काही कुणी बोटीतून उतरताना बदलत नाही. बदलतं ते हवापाणी, ताटातलं अन्न आणि पोटातले जिवाणू.

तू म्हणशील, मग त्यातलं कोणतं? इथेच पंचाईत आहे. आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. कागदाहून पातळ. त्याच्यावर श्लेष्माचा चिकट लेप आणि त्या लेपाच्या पलीकडे अब्जावधी जिवाणू. लेप शाबूत असला, जिवाणूंचं गाव नीट वसलेलं असलं की शरीर त्यांच्याशी भांडत नाही. लेप विरला किंवा गाव विस्कटलं की शरीराचे पहारेकरी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, जागे होतात, आणि आपल्यासारख्यांचे पहारेकरी पुन्हा झोपायलाच तयार नसतात. तुझ्या यादीतले बहुतेक आरोपी याच दोन ठिकाणी घोटाळा करतात, म्हणून एकट्यादुकट्याला पकडता येत नाही.

अँटिबायोटिक्स घे. लहानपणी ती वारंवार घेतलेल्यांत पुढे क्रोन्स जास्त दिसतो. पण ज्याला क्रोन्स व्हायचाच आहे त्याला आधीपासून पोटाच्या तक्रारी असतात, म्हणून औषधं जास्त मिळाली, असंही असू शकतं. तुझ्या आईने तापाने फणफणलेल्या पोराला डॉक्टरांनी दिलेलं औषध पाजलं, यात तिचा काय दोष? हे तिच्यापुढे बोलू नकोस, कृपा कर.

पाण्याचं मात्र तू गंमत म्हणून लिहिलं असशील, तरी तो प्रश्न वेडगळ नाही. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी एका कारखान्यातून पीएफओए नावाचं रसायन वर्षानुवर्षं पिण्याच्या पाण्यात उतरत होतं. सुमारे 69,000 लोकांची माहिती आणि रक्त तपासलं गेलं, आणि 2012 साली तिथल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने ज्या सहा आजारांशी त्याचा संबंध संभवनीय ठरवला, त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. क्रोन्स नव्हता. म्हणजे तिथेही माझाच नंबर लागला.

बाहेरच्या खाण्यात मी ‘बाहेरचं’ आणि ‘घरचं’ असा भेद करणं सोडून दिलंय. 21 देशांतल्या लाखाहून जास्त लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष 2021 साली आले. कारखान्यात फार प्रक्रिया केलेले पदार्थ जे जास्त खातात, त्यांच्यात हे आजार जास्त निघाले. एक संशय पायसीकारकांवर आहे, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांवर. उंदरांना ती पाजली तेव्हा तो श्लेष्माचा लेप पातळ झाला आणि जिवाणू भिंतीला येऊन भिडले. माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. निरोगी लोकांना 11 दिवस त्यातलं एक खायला दिलं, तर काहींच्याच पोटात तसं दिसलं, बाकीच्यांना ढिम्म फरक नाही. आता मी दुकानात चष्मा कपाळावर चढवून आइस्क्रीमच्या डब्याची पाठ वाचत उभा असतो. 466, 433, असे त्या पायसीकारकांचे नंबर असतात. मागे रांग खोळंबते. सौ. म्हणते, चोर पकडायला आल्यासारखा दिसतोस.

टेन्शनने आजार होतो असं मी मानत नाही. असलेला उसळतो, हे माझ्यापुरतं तरी खरं आहे. आणि डोकं दुखलं की तू त्या वेदनाशामक गोळ्या चणे-फुटाण्यासारख्या खातोस ना, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक? त्यांनीही आतडं चिडू शकतं. डॉक्टरांना हे सांगितलंयस का? नसशील.

आता ते गाळलेलं नाव.

आठवतंय, वसतिगृहाच्या गच्चीवर एकच सिगरेट दोघांत फिरायची? तू अर्धी, मी अर्धी, लायटर कायम तुझा. मी सोडली तेव्हा तू मिठी मारून अभिनंदन केलंस, आणि दीड वर्षाने मला शौचातून रक्त पडायला लागलं. तेव्हा तू म्हणालास, ‘बघ, सोडलीस म्हणून झालं.’ मी चिडलो होतो. पुढे कळलं, तुझं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. 1982 पासून डॉक्टरांना हे दिसत आलंय. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत सिगरेट ओढणारे कमी सापडतात, आणि सोडल्यानंतरच्या काही वर्षांत तो होण्याचा धोका वाढतो. निकोटिनचे पॅच लावूनही पाहिले लोकांनी. थोडा गुण आला, पण मळमळ आणि चक्कर इतकी की ते उपचार म्हणून रुळले नाहीत. मी पुन्हा ओढायला लागलो नाही. फुप्फुसं आणि हृदयही माझंच आहे.

क्रोन्समध्ये मात्र सगळं उलटं. ओढणाऱ्यांना तो होण्याचा धोका सुमारे दुप्पट. झाल्यावरही ओढत राहिलं तर आजार जास्त वेळा उसळतो, ऑपरेशनची वेळ जास्त वेळा येते. एकाच सिगरेटचे दोन टोकांचे आपण, आणि दोघांच्या पोटात नेमकं विरुद्ध घडतंय. असं का, याचा उलगडा कुणालाच नीट झालेला नाही. पण तुझ्यासाठी कामाची गोष्ट ही, की सोडून वर्षभर टिकलास तर आजाराची चाल कधीच न ओढणाऱ्यासारखी होते असं दिसून आलंय. बाकीच्या आरोपींचा खटला चालत राहील. हा एकच आज तुझ्या खिशात आहे.

तुझ्यामुळे तुला झालं, असं मी म्हणतोय असं वाचू नकोस. जन्मभर ओढून ज्यांचं आतडं ठणठणीत आहे अशी माणसं ढिगाने आहेत. हे आकडे हजारो माणसांचे असतात. त्यातल्या एकाच्या पोटात काय घडलं ते त्यातून वाचता येत नाही.

शेवटी तू पुसून पुन्हा लिहिलेली ओळ, ‘मुलीला होईल का?’ तिचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण एकाच पालकाला असेल तर बहुतेक मुलांना होत नाही. तिला अंगावर पाजलं होतं, ते बरंच झालं. मातीत खेळू दे, साध्या सर्दीला अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका, आणि तिच्या आसपास धूर नको. तिच्या प्रत्येक पोटदुखीला कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतडं बघायची तपासणी, आठवायची नाही, हे सगळ्यांत अवघड.

गोळ्या मात्र या पत्राच्या भरवशावर कमी-जास्त करू नकोस. पुढच्या तपासणीची तारीख कळव. आदल्या रात्री ते रेचक पिताना फोन कर, मी जागाच असेन. तीन वेळा प्यालोय ते, कुठल्या घोटाला नाक दाबायचं ते सांगेन.

तुझाच,
गच्चीवरचा अर्धा वाटेकरी

ता. क. लायटर पोस्टाने पाठवायला निघू नकोस, ते घेत नाहीत. येईन तेव्हा हातात दे.