मित्रजंतूंची गोष्ट पोटापाशीच का थांबते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पोटातल्या मित्रजंतूंवरचा लेख वाचला. ताक, आंबील, विरजण सगळं आलं. पण लेख पोटापाशी येऊन थांबला, आणि त्याच पानाच्या तळाशी बायकांच्या ‘ताजेपणा’साठी सुगंधी वॉशची जाहिरात! ती बघून हे पत्र लिहायला बसले.

मला ४४व्या वर्षी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला. बाहेरून रेडिएशनचे २५ शेक, मग आतून चार. शेवटच्या दिवशी फाइल हातात दिली, ‘तीन महिन्यांनी दाखवायला या’ म्हणाले, संपलं. शेकानं पाळी बंद पडलीच होती. पुढे कोरडेपणा, आग, अंगावरून वासाचं पांढरं जाणं. विचारायचं कुणाला? शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून कोमट पाण्यात झाकणभर जंतुनाशक घालून महिनाभर आतून धूत राहिले. आग वाढली, वास तसाच.

तपासणीच्या वेळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आतला आंबटपणा तपासायची कागदाची पट्टी लावून दाखवली. पिवळी राहायला हवी ती निळी झाली. मग केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू असतात, दह्यातल्या जंतूंचे चुलतभाऊच. जर्मनीच्या डॉ. डोडरलाइन यांनी १८९२ साली त्यांचं वर्णन केलंय, म्हणजे गोष्ट काही नवी नाही. अंडाशयातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते. तिच्यावर हे जंतू जगतात आणि लॅक्टिक ॲसिड तयार करतात. पीएच (आंबटपणाचं माप) ३.८ ते ४.५च्या त्या आंबटपणात नको ते जंतू सहसा माजत नाहीत. शेकानं माझे अंडाशय थांबले, जंतूंचं खाणं तुटलं. उरलंसुरलं विरजण मी स्वतःच्या हाताने धुऊन टाकलं!

याचा कॅन्सरशीही संबंध आहे, पण जपून सांगायला हवा. या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही विषाणू असतो. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत निघून जातो. ज्यांच्यात हे जंतू कमी, त्यांच्यात तो टिकून राहिलेला जास्त आढळतो. मात्र रक्तस्रावाने आणि गाठीनेही आतला आंबटपणा मोडतो, त्यामुळे कशाने काय झालं हे लगेच ठरवता येत नाही. म्हणून ‘दही खा, कॅन्सर टाळा’ असं कृपया छापू नका. जीव वाचतो तो तपासणीने. आपल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली आले होते.

माझं मागणं एवढंच, की शेक संपलेल्या बाईच्या कागदावर मराठीत चार ओळी असाव्यात: आतून काही धुऊ नये, आग झाली तर तीन महिने थांबू नये, इस्ट्रोजेनच्या मलमाबद्दल विचारावं (ते प्रत्येक कॅन्सरला चालतंच असं नाही), नवऱ्यालाही सोबत आणावं. आणि तुम्ही त्या वॉशची जाहिरात आरोग्याच्या पानावर तरी घेऊ नये.

पत्राखाली नाव छापू नये ही विनंती. घरात लेकीचं लग्न ठरतंय.

– एक वाचक, सोलापूर