शालेय स्पर्धांचे वेळापत्रक मैदान पाहून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा भरल्या की शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिकांची धांदल उडते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुले-मुली, म्हणजे एकेका खेळाचे सहा गट. तालुका, मग जिल्हा किंवा शहरात महापालिका पातळी, पुढे विभाग आणि राज्य असा हा चढता क्रम. वरच्या पातळीच्या तारखा आपल्या हातात नसतात, हे मान्य. पण खालच्या फेऱ्या कधी, कुठे आणि कोणत्या क्रमाने घ्यायच्या हे कोल्हापुरातच ठरते. ते ठरवताना आधी खेळांची यादी घेतली जाते आणि मैदान शेवटी शोधले जाते. हा क्रम उलटा करायला हवा.

फुटबॉलचेच गणित घ्या. बाद पद्धतीत ३२ संघ असतील तर ३१ सामने होणारच. मध्यंतर, संघांची अदलाबदल आणि खेळाडूंची ओळखपत्रे तपासणे धरून एका सामन्याला सव्वा ते दीड तास लागतो. कोरड्या मैदानावर दिवसाला चार सामने निघतात. पहिल्या फेरीला चार दिवस, दुसऱ्या फेरीला दोन, पुढे उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम फेरीला एकेक, असे नऊ दिवस झाले. जुलैतल्या भिजलेल्या मैदानावर मात्र दिवसाला दोनपेक्षा जास्त सामने घेऊ नयेत. मग तीच स्पर्धा सोळा दिवसांवर जाते, आणि हा झाला फक्त एक गट. भाग्यपत्रिका, म्हणजे सामन्यांचा ड्रॉ, नऊ दिवसांच्या हिशेबाने काढायची आणि पाऊस आला की दिवसाला सहा सामने उरकायचे, यात मैदानाची वाट लागते आणि मुलांचे गुडघे-घोटेही जातात.

ओल्या मैदानावर खेळल्याने नेमके काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. मातीच्या कणांमधली पोकळी बुटांखाली दाबली जाते आणि पाणी मुरायची वाट बंद होते. पुढचा पाऊस वरच साचतो. गोलपोस्टसमोरचा पट्टा आणि मधले वर्तुळ आधी उघडे पडते. बुटांच्या तळाच्या स्टडचे खड्डे ऑक्टोबरच्या उन्हात दगडासारखे घट्ट होतात आणि ॲथलेटिक्सच्या दिवसांत त्यांच्यावरच पाय मुरगळतात. खड्डे बुजवायचे म्हणून ओल्या मातीवर रोलर फिरवला की माती आणखी दाबली जाते. डबक्यात मुरूम टाकला की त्याची खडी वर येते आणि पडणाऱ्या मुलाची कातडी सोलते. स्पंजने पाणी टिपून बारीक वाळूचा पातळ थर द्यावा, तोही मैदान खेळण्याजोगे असेल तरच.

ते खेळण्याजोगे आहे की नाही हे ठरवायला यंत्र लागत नाही. दोन्ही गोलसमोर, मध्यभागी आणि दोन कोपऱ्यांत टाच जोरात दाबून पाहावी. टाचेच्या खुणेत पाणी भरले तर त्या दिवशी सामना नाही. हा निर्णय एकाच ठरलेल्या माणसाने घ्यावा आणि पहाटे सहाच्या आत सर्व शाळांना कळवावा. चंदगडचा संघ शंभरावर किलोमीटर तुडवून येतो. मुले एसटीत बसल्यावर सामना रद्द झाल्याचा निरोप पोचला तर उपयोग काय? म्हणून जिल्हा पातळीवर सकाळचे सामने करवीरसारख्या जवळच्या तालुक्यांच्या संघांना द्यावेत, चंदगड, आजरा, शाहूवाडी अशा दूरच्या तालुक्यांच्या संघांना दुपारचे. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये दर तीन सामन्यांच्या दिवसांमागे एक दिवस कोरा सोडावा. तो पावसासाठी राखीव असतो, सरावासाठी नाही.

कोल्हापुरात मोठ्यांचा फुटबॉल हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे गवताला सावरायला पावसाळाच काय तो मिळतो, आणि नेमके त्याच काळात शालेय फुटबॉल येऊन आदळते. वरच्या फेऱ्या लवकर असल्याने ते फार पुढे ढकलता येत नाही. मग निदान एकच मैदान रोज तुडवू नये. सुरुवातीच्या फेऱ्या दोन-तीन मैदानांवर वाटाव्यात आणि गवताचे चांगले मैदान उपांत्य फेरीपासूनच उघडावे. पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचते हे अख्ख्या शिवाजी पेठेला ठाऊक आहे. ते या दोन महिन्यांच्या यादीत धरूच नये. १४ वर्षांखालील मुलांसाठी मैदान आडवे आखून गोलपोस्ट बाजूला घेतले तर झिजलेल्या पट्ट्याला विश्रांती मिळते. आखणी खडूच्या फक्कीने करावी. कळीच्या चुन्याने ओल्या त्वचेला आणि डोळ्यांना इजा होते.

कबड्डी, कुस्ती, बुद्धिबळ, बॅडमिंटन आणि टेबल टेनिस पावसात छताखाली उरकता येतात, ते आधी घ्यावेत. खो-खो मातीवर असेल तर सप्टेंबरच्या मध्याच्या आत नको. क्रिकेटची खेळपट्टी ज्या मैदानात आहे तिथे पावसाळ्यात दुसरा खेळ लावूच नये. काळ्या मातीत एकदा बूट रुतले की ती दुरुस्त करण्यात हंगाम निघून जातो. ॲथलेटिक्सला मैदान दिले की ते पूर्ण द्यावे. एका बाजूला भालाफेक आणि दुसऱ्या बाजूला खो-खोचा सराव, हे कितीही सोयीचे वाटले तरी जिवावर बेतू शकते.

तारखा आपसांत आदळू नयेत, यासाठी एक गोष्ट पाहायला हवी. बहुतेक शाळांत क्रीडाशिक्षक एकच असतो. सर्व संघ तोच सांभाळतो, आणि पंच म्हणूनही बहुतेक वेळा त्यालाच बोलावले जाते. खो-खो खेळणारी मुलगी अनेकदा लांब उडीतही असते. खो-खो आणि ॲथलेटिक्स एकाच दिवशी ठेवले की तिला एक खेळ सोडावा लागतो. दहावी-बारावीच्या खेळाडूच्या बाबतीत त्यात सवलतीचे गुणही गुंतलेले असतात. घटक चाचणी आणि प्रथम सत्र परीक्षेच्या तारखा जूनमध्येच शाळांकडून मागवून घेतल्या तर यातला निम्मा घोळ मिटेल.

सरावाच्या वाटपात मुलींचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो. डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा पाचला सुटली तर मैदान गाठून बूट बांधेपर्यंत साडेपाच होतात. हा शेवटचा अर्धा तास मुलांच्या संघांनी आधीच व्यापलेला असतो. मुली कडेला थांबतात, अंधार पडला की घरून फोन सुरू होतात आणि जानेवारीपर्यंत संघ निम्मा होतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान फक्त मुलींना द्यावे. सकाळी सत्र असलेल्या शाळांनी दुपारी चारपासूनची वेळ घ्यावी, अकराला भरणाऱ्यांनी सकाळी साडेसहा ते साडेआठ. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरची दुपार ज्यांच्याकडे स्वतःचे मैदान नाही अशा शाळांसाठी राखून ठेवावी.

मैदाने मेळावे, प्रदर्शने आणि सभांना भाड्याने जातात. ते पूर्ण थांबेल असे नाही. पण मंडप उतरल्यावर खड्डे आणि खिळे मागे राहतात. अनामत रक्कम परत करण्याआधी मैदानावर लोहचुंबक फिरवून घ्यावे, खड्डे ठोकून भरून घ्यावेत, आणि कार्यक्रमानंतरचे तीन दिवस कोणत्याही सामन्याला देऊ नयेत.

हे सारे एका कागदावर मावते. उभ्या रकान्यात शहरातली मैदाने, आडव्या ओळीत जुलै ते जानेवारीचे आठवडे. प्रत्येक चौकोनात एकच नोंद : सामने, सराव, विश्रांती किंवा भाडे. महापालिका, क्रीडा कार्यालय, खेळांच्या संघटना आणि शाळा यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एकत्र बसून तो भरावा. त्याची प्रत प्रत्येक मैदानाच्या फाटकावर लावावी आणि बदल झाला तर सोमवारी तिथेच खोडून नवी तारीख लिहावी, म्हणजे मैदानावर आलेल्या कोणत्याही मुलाला आज कोणाची वेळ आहे ते वाचता येईल.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, कोल्हापूर