दत्तास पत्र: गाणं लावून नको, कॉल लावून हेडसेट घे

परभणी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनचे पैसे हातात आले की दिवाळीआधी संभाजीनगरला जाऊन नवा फोन आणि बिनवायरचा हेडसेट घ्यायचा विचार आहे, असं तू लिहिलंस. कोणता घेऊ, असंही विचारलंस. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नावं दर दोन-चार महिन्यांनी बदलतात. दुकानात उभं राहून काय तपासायचं ते मात्र बदलत नाही, म्हणून तेच सविस्तर लिहितो. तुझं काम मोंढ्यातलं, धान्याच्या बाजारातलं. सकाळपासून भाव विचारणारे शेतकरी, गाडीवाले, आडत्याचे फोन. म्हणून हेडसेटपासूनच सुरुवात करतो; फसगत तिथंच जास्त होते.

दुकानदार हेडसेट तुझ्या कानात घालील आणि ढोलकीचं एखादं गाणं लावून देईल. आवाज छानच वाटेल. त्यावरून ठरवू नकोस. गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेनं, फोनकडून कानाकडं येतो आणि ब्लूटूथ त्याला भरपूर जागा देतं. कॉल लागला की हेडसेटचा माइकही चालू होतो. मग आवाज दोन्ही बाजूंनी न्यावा लागतो आणि ब्लूटूथ दुसऱ्या पद्धतीवर जातं. गाण्यात आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे आवाज टिपायचे ठोके, असतात. कॉलमध्ये बऱ्या हेडसेटला 16 हजार आणि जुन्या किंवा स्वस्तातल्या पद्धतीत 8 हजारच. म्हणून गाण्याला दणदणीत वाटणारा हेडसेट कॉलवर डब्यातून बोलल्यासारखा येतो. त्यात बिघाड काही नसतो, पण दिवसभर बोलणाऱ्याला हीच गोष्ट आधी कळायला हवी.

दुसरा घोळ एएनसी आणि ईएनसी या दोन नावांचा. एएनसी तुझ्या कानासाठी असतं: बाहेरचा घुमणारा आवाज हेडसेट ओळखतो आणि त्याला उलटा आवाज सोडून तो कमी करतो. ईएनसी समोरच्या माणसासाठी असतं: तुझ्या माइकमध्ये शिरणारा गोंगाट गाळून तुझं बोलणं पुढं पाठवतं. तुला ईएनसी चांगलं पाहिजे. खोक्यावर ईएनसी लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक ते एएनसी समजून घरी नेतं, हे रोज चालतं. एएनसीला जादा पैसे मोजायची तुला गरज नाही. माणसांचा कलकलाट, हॉर्न असले वरच्या पट्टीतले आवाज त्यानं फारसे जात नाहीत. बसच्या इंजिनासारखी एकसुरी घरघर जाते.

आता कॉल कसा तपासायचा ते बघ. हेडसेट तुझ्या स्वतःच्या फोनला जोड. ब्लूटूथच्या यादीत त्या हेडसेटच्या नावापुढं जे दातेरी चाक असतं ते दाबून ‘फोन कॉल’ चालू आहे का बघ. मग वहिनींना फोन लाव आणि घरात शांत जागी बसून ऐकायला सांग. एक मिनिट साधं बोल. नंतर फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राजवळ जे बारीक भोक असतं, त्यावर नखानं खरखर कर. वहिनींना ती खरखर मोठ्यानं ऐकू आली तर समज की आवाज हेडसेटमधून जातच नाही, फोनचाच माइक चालू आहे. मग आतापर्यंतची सगळी तपासणी फुकट. हे बघणं सोडू नकोस. व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून तपासणाऱ्यांची इथंच गफलत होते. हेडसेट जोडलेला असूनही कित्येक वेळा तिथं फोनचाच माइक वापरला जातो.

ही खात्री झाली की दुकानातल्या टेबलफॅनसमोर हातभर अंतरावर उभा राहा आणि आकडे बोल: चार हजार सहाशे, चार हजार सातशे वीस. वहिनींनी ते उलट म्हणून दाखवायचे. वारं माइकच्या भोकावर आपटलं की घूं-घूं आवाज होतो आणि तो गाळायला गेलं की शब्दांची टोकंही गळतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ यात गोंधळ झाला तर मोंढ्यात तो हेडसेट तुझ्या कामाचा नाही. मग रस्त्यावर ये, रिक्षा-ट्रकच्या आवाजात पुन्हा तेच कर. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दारात उभा राहा, पण एसीच्या शांत खोलीत ठरवू नकोस.

प्रकार कोणता घ्यावा, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुझ्यासाठी कानात बसणाऱ्या दोन सुट्या कळ्या नकोत. एका कळीत साधारण 30 ते 50 एमएएचची बॅटरी असते; चार-सहा तास गाणी चालतात, सलग कॉलवर त्याहून लवकर उतरते, आणि पोत्यांच्या थप्पीत पडलेली कळी सापडत नाही. गळ्यातला नेकबँड घे, नाहीतर एका कानाचा, तोंडाकडं दांडी येणारा हेडसेट घे. दांडीवाला दिसायला साधा, पण माइक ओठांच्या सगळ्यात जवळ असतो आणि कॉलला त्याच्यापुढं बाकीचे मागंच. नेकबँड घेतलास तर एक बघ: त्याचा माइक बहुतेक वायरवरच्या बटणांच्या पट्टीत असतो. ती पट्टी गळ्यातल्या रुमालाला किंवा शर्टाच्या कॉलरला घासली की समोरच्याला खसखस ऐकू येते. कॉल चालू असताना मान डावी-उजवी फिरवून वहिनींना विचार.

खोक्यावर आयपीएक्स5 लिहिलेलं असेल तर त्यातला ‘एक्स’ नीट समजून घे. पहिली जागा धुळीपासूनच्या बचावाची, दुसरी पाण्यापासूनच्या. एक्स म्हणजे धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही. आपल्याकडं पाऊस चार महिने, धूळ बारा महिने, त्यात तुरीचा भुसा आणि कापसाचे तंतू. म्हणून आयपी54 किंवा आयपी55 असं दोन्ही आकडे असलेलं बघ. आणि हा आकडा कळ्यांचा असतो. त्यांची डबी बहुतेक वेळा त्यात धरलेली नसते.

रबरी टोप्या तीन मापांच्या मिळतात. घालून ‘अं’ असा हुंकार दे. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर कान नीट बंद झाला. घुमला नाही तर दुसरं माप लाव. दोन कानांना दोन वेगळी मापं लागू शकतात. टोपी सैल असली की खालचा आवाज निसटतो, मग माणूस आवाज वाढवतो आणि कानाला त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. मोंढ्यातल्या गलक्यावर मात करायला आवाज पूर्ण करून ठेवलास तर ती ओलांडायला वेळ लागणार नाही.

पुढं महिन्या-दोन महिन्यांनी एका कानातला आवाज बारीक झाला तर लगेच बिघडला म्हणू नकोस. टोपी काढ, जाळी जमिनीकडं करून कोरड्या मऊ ब्रशनं झटक. मळ आणि धूळ जाळीत बसलेली असते. टाचणी घालू नकोस, जाळी फाटते. चार्ज होत नसेल तर चार्जिंगच्या पिना बघ. घामानं हिरवट थर धरतो, तो कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचा आणि पूर्ण वाळल्यावरच चार्जिंगला लावायचं.

एलडॅक (गाणं जास्त बारकाईनं पाठवायची पद्धत), गेमिंग मोड, असल्या शब्दांवर पैसे घालू नकोस. तुझ्या कामात त्यांचा उपयोग नाही.

आता फोन. मांडून ठेवलेला डेमो फोन पूर्ण उजेडावर लावलेला असतो, त्यामुळं दुकानात सगळेच स्क्रीन झळकतात. तो घेऊन दुपारच्या उन्हात ये, उजेड ‘ऑटो’वर ठेव आणि हिशोबाचा एखादा बारीक अक्षरांचा फोटो उघड. वावरात उभं राहून वाचता येईल का, एवढंच बघायचं. मग पाच-सात मिनिटं व्हिडिओ काढत राहा. स्क्रीन अंधारत गेला तर फोन तापून स्वतःला आवरतोय. बऱ्याच कंपन्या वापरासाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान धरतात आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. तेव्हा उन्हाळ्यात थोडं अंधारणं, चार्जिंग थांबणं सगळ्याच फोनना होईल. ऑक्टोबरच्या उन्हात दोन मिनिटांतच जो अंधारतो, तो सोड.

रेंजसाठी कांड्यांकडं बघू नकोस, प्रत्येक कंपनी त्या आपल्या सोयीनं दाखवते. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’, तिथं सिग्नल डीबीएममध्ये उणे आकड्यात दिसतो. उणे 85 चांगला, उणे 100 चालण्यासारखा, उणे 115 ला आवाज तुटायला लागतो. तुझं सिम दोन फोनमध्ये आळीपाळीनं, दुकानाच्या सगळ्यात मागच्या कोपऱ्यात, त्याच जागी घालून बघ. दोन मिनिटं थांब, आकडा स्थिर होऊ दे. सहा-आठचा फरक कायम राहिला तर तो खरा धर. शहरात टॉवर जवळ असतात, वावरातल्या आखाड्यावर नसतात. म्हणून फोन कोणते बँड, म्हणजे लहरींचे कोणते पट्टे, धरतो तेही कंपनीच्या साइटवर बघ. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. जिओला 4जीचा बँड 5 म्हणजे 850 मेगाहर्ट्झ आणि 5जीचा एन28 म्हणजे 700 मेगाहर्ट्झ. एअरटेलला बँड 8, म्हणजे 900. बीएसएनएलच्या 4जीला बँड 28. यातलं तुझ्या सिमचं जे असेल ते यादीत नसेल तर तो फोन कितीही देखणा असो, गावाकडं तुला छतावर चढून बोलावं लागेल.

बोटाच्या ठशाची गोष्ट कोणी सांगत नाही. पोती हाताळून, वावरात राबून बोटांच्या रेषा झिजतात, थंडीत कातडी फुटते, आणि स्क्रीनखालचा उजेडावर चालणारा सेन्सर ठसा ओळखत नाही. डेमो फोनवर तुझा अंगठा नोंदवून बघ. बाजूच्या बटणातला सेन्सर जास्त बरा वाटला तर तोच घे. अडचण आली तर एकच अंगठा दोनदा नोंदव, एकदा सरळ आणि एकदा कडेनं. आणि निघताना तुझा ठसा डेमो फोनमधून पुसायला विसरू नकोस.

फोन ठरला की बिल होईपर्यंत सील फोडत नाहीत, ते ठीक आहे. पण बिल झाल्यावर तिथंच, काउंटरवरच खोकं उघडायला लाव. *#06# दाब. दोन सिमचे दोन आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख नंबर, दिसतील, प्रत्येकी 15 आकडी. ते खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरांशी ताडून बघ, शेवटचे चार नव्हे, सगळे आकडे. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर 14422 ला एसएमएस कर. नंबर खरा की खोटा, आधी वापरलेला की काळ्या यादीतला, ते कळतं. सरकारच्या संचार साथी साइटवरही हेच बघता येतं. सॅमसंग घेतलास तर *#0*# आणि शाओमी घेतलास तर *#*#6484#*#* दाबल्यावर तपासणीची यादी उघडते: लाल, हिरवा, पांढरा स्क्रीन, स्पर्श, स्पीकर, कंप. दुसरा असेल तर पांढरा फोटो पूर्ण स्क्रीनवर लावून डाग बघ आणि एखादं चिन्ह बोटाखाली धरून चारही कोपऱ्यांत ओढून ने. मध्येच सुटलं तर तिथं स्पर्श मेलेला आहे.

स्क्रीनवर जपणुकीची काच बसवून घेण्याआधी एक कॉल कर आणि फोन कानाला लाव. स्क्रीन विझला पाहिजे, दूर नेला की पेटला पाहिजे. काच बसवल्यावर तेच पुन्हा कर. स्वस्त काच वरचा सेन्सर झाकते, मग कॉल संपला तरी स्क्रीन काळाच राहतो आणि लोक फोन खराब म्हणून परत आणतात. दोष काचेचा असतो.

हल्ली खोक्यात चार्जर बऱ्याचदा नसतो. वेगळा घेताना त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर- ने सुरू होणारा 8 आकडी नंबर बघ आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून त्या कंपनीचंच नाव येतं का ते तपास. इनपुटला 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, तेव्हा गावातल्या कमी दाबाला घाबरू नकोस. लाइट गेलेली परत येते त्या क्षणी मात्र दाब उसळतो. लाइट गेली की चार्जर काढून ठेव, आल्यावर पाच मिनिटांनी लाव.

बिलावर जीएसटी नंबर, आयएमईआय आणि हेडसेटचा सिरीयल नंबर लिहून घे. पहिल्या काही दिवसांत बिघडलं तर बदलून कोण देणार, दुकान की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, आणि किती दिवसांत, ते पैसे द्यायच्या आधी विचार. सर्व्हिस सेंटर परभणीत किंवा जालन्यात आहे का तेही बघ. सेलूहून दरवेळी संभाजीनगर गाठणं तुला परवडणार नाही.

आणि हेडसेट कानात असला तरी गाडीवर असताना कॉल घेऊ नकोस. कडेला थांब, मग बोल. पाथरीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतील आता.

जायच्या आदल्या दिवशी मनात धरलेल्या दोन-तीन फोनची नावं आणि सिम कोणतं ते कळव, बँड मी बघून सांगतो. आईला दंडवत, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बालाजी