टक्के कसले, तेही छापत जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल पहिल्या पानावर 'नळाच्या पाण्यात शिगेला!' असा (म्हणजे रक्ताची हगवण लावणाऱ्या जिवाणूचा) मथळा छापून आपण आमच्या अख्ख्या गल्लीला कामाला लावलंत. सकाळपासून घरोघरी पातेली गॅसवर. पाणी उकळून प्यायल्यानं कुणाचं वाईट होत नाही, आणि उजनी धरणात काय काय वाहत येतं हे सोलापूरकरांना नव्यानं सांगायला नको. पण बातमी तरी नीट वाचून छापायची होती. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर आहे. लग्नानंतर आयुष्य शेंगा चटणीच्या धंद्यात गेलं, तरी शिकलेलं सगळंच विसरले नाही.

बातमीखालच्या तक्त्यात (तो इतक्या बारीक अक्षरांत का छापता, कळत नाही) नाव आहे 'एशेरिकिया-शिगेला'. जोडून लिहिलंय. एशेरिकिया म्हणजे ई. कोलायचं कूळ. आपल्या वार्ताहरांनी मागचं नाव उचललं आणि पुढचं सोडून दिलं, कारण शिगेला म्हटलं की रक्ताची हगवण आणि ई. कोलाय म्हटलं की वाचक पान उलटतो. हे दोन जिवाणू एकमेकांना इतके जवळचे आहेत की 16एस जनुक (जिवाणूची ओळख पटवायला वाचतात ते) वाचून त्यांची फारकत करताच येत नाही. म्हणून प्रयोगशाळेनं प्रामाणिकपणे जोडनाव दिलं. आपण परस्पर घटस्फोट करून टाकलात.

पुढे चौकटीत, लाल अक्षरांत, 'निम्म्याहून अधिक जिवाणू घातक'. निम्मे कशाचे? पाण्यातला सगळा डीएनए एकत्र काढायचा, त्यातल्या 16एस जनुकाच्या पीसीआरनं असंख्य प्रती करायच्या, त्या वाचायच्या आणि कुठल्या नावाच्या किती आल्या ते मोजायचं, अशी ही तपासणी असते. टक्के त्या वाचलेल्या प्रतींचे असतात. लिटरभर पाण्यात जिवाणू शंभर होते की शंभर कोटी, ते त्यातून कळत नाही. शिवाय ई. कोलायच्या एका पेशीत या जनुकाच्या 7 प्रती असतात, काही जिवाणूंत एकच असते. म्हणजे टक्केही सरळ नाहीत. आणि क्लोरीननं मेलेल्या जिवाणूचा डीएनएसुद्धा काही काळ पाण्यात राहतो आणि या तपासणीत जिवंतासारखाच हजेरी लावतो. तपासणीच्या किटमधल्या रसायनांतूनही जिवाणूंची नावं निघतात, त्यासाठी सोबत एक कोरा, म्हणजे पाणी न घातलेला, नमुना चालवावा लागतो. तो चालवला होता का, हे एका ओळीत विचारायला काय हरकत होती?

मी एवढी का चिडले, ते सांगते. हेच नाटक माझ्या चटणीवर होऊन गेलंय.

दिवाळीच्या आधी पुण्यातल्या एका दुकानदारानं मोठी ऑर्डर दिली होती. आमची चटणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ. कांडपावर तेल सुटेपर्यंत कुटलेली. बाकी काही घालत नाही. माल पोचल्यावर त्यांनी हौसेनं एका खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला. आता 'डीएनए टेस्टेड' असा शिक्का डब्यावर बरा दिसतो म्हणे. प्रयोगशाळेनं चटणी प्लेटवर लावली, उगवलेल्यातली एक वसाहत (जिवाणूंचा एक ठिपका) उचलली, तिचं 16एस जनुक वाचलं आणि रिपोर्ट दिला: बॅसिलस सेरेअस गट, साम्य 99.8 टक्के.

दुकानदारांचा फोन आला. "ताई, तुमच्या चटणीत 99.8 टक्के जंतू निघालेत."

मी आधी हसले. मग लक्षात आलं की माणूस खरंच घाबरलाय. अहो, 99.8 टक्के म्हणजे त्या एका वसाहतीचं जनुक नोंदीतल्या जनुकाशी इतकं जुळलं. चटणीत जंतू किती, याच्याशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नाही. चटणीत 99.8 टक्के जंतू असते तर शेंगदाणे कुठं गेले? हे सगळं त्यांना समजावलं. ते म्हणाले, "बरोबर असेल, पण कागदावर आलंय ना." माल ट्रॅव्हल्सनं परत आला, भाडं आमच्याकडून.

प्रयोगशाळेला फोन केला. ग्रॅममागे किती सापडले, एवढंच विचारलं. पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "मॅडम, आपल्या पॅकेजमध्ये काउंट येत नाही." हजारो रुपये घेऊन नाव सांगतात, संख्या मात्र पॅकेजच्या बाहेर!

बॅसिलस सेरेअसचे बीजाणू (म्हणजे कवचात झोपलेले जिवाणू) मातीत असतात, धुळीत असतात, तांदळात असतात, मसाल्यात असतात. शेंगा जमिनीखाली वाढतात, हे काही मी नव्यानं सांगत नाही. भाजल्यावरही काही बीजाणू टिकतात. कोरड्या चटणीत ते पडून राहतात, वाढत नाहीत, कारण वाढायला पाणी लागतं. शिजवून रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या भातात हाच जिवाणू ग्रॅमला लाखाच्या घरात जातो आणि मग उलट्या होतात. म्हणून आधी संख्या विचारायची असते. आणि त्या रिपोर्टात 'गट' हा शब्द उगाच नाही. 16एसवरून सेरेअस, पिकावर फवारतात तो बीटीवाला थुरिंजिएन्सिस आणि काळपुळीचा अँथ्रासिस यांच्यात खात्रीनं फरक करता येत नाही. नशीब, दुकानदारांनी 'गट' म्हणजे काय ते विचारलं नाही. नाहीतर सोलापूरच्या चटणीत काळपुळी अशी बातमीही आपल्याकडे आली असती, आणि आपण ती छापली असती.

खरी गंमत पुढेच आहे. शेंगदाण्याला खरी धास्ती बुरशीची. अ‍ॅस्परजिलसची बुरशी लागली की दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजून पूर्ण जात नाही आणि यकृताला बाधतं. 16एस तपासणी जिवाणूंची, तिला बुरशी सापडत नाही आणि विष तर नाहीच नाही. दाणा निवडून घेणं, ओल लागू न देणं आणि अफ्लाटॉक्सिनची वेगळी तपासणी, यावर आम्ही पदरचे पैसे घालतो. तो कागद दुकानदारांना पाठवला होता. तो कुणी उघडूनही पाहिला नाही, त्यावर 'डीएनए' लिहिलेलं नव्हतं ना!

मी या शास्त्राच्या विरोधात आहे असं कृपा करून मथळ्यात टाकू नका. याच 16एसच्या जोरावर कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली आर्किया नावाचा जीवांचा वेगळाच गट जगापुढे आणला. 2020च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, ते याच आर्कियांतल्या मीठप्रेमी मंडळींमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं होतं. आणि शेंगदाण्याचंच बोलायचं तर 2008-09 साली अमेरिकेत साल्मोनेला या जिवाणूनं 9 माणसं गेली. आजाऱ्यांतला जिवाणू आणि शेंगदाण्याच्या लोण्यातला जिवाणू एकच, हे जनुकीय ठशांवरून जुळलं. दूषित आहे हे ठाऊक असून माल विकणाऱ्या त्या कंपनीच्या मालकाला 2015 साली 28 वर्षांची शिक्षा झाली. तिथं ठसा रुग्णाशी जुळवला होता, सोबत कारखान्याची झडती होती, कागदपत्रं होती. एक वसाहत उचलून कुणाचा धंदा बसवला नव्हता.

पाण्याबद्दल बातमीत खरा मजकूर होता, तो आपण दहाव्या ओळीत पुरलात: ई. कोलायची शंका म्हणजे मैला मिसळल्याची शंका. भारतीय मानकानुसार पिण्याच्या 100 मिलिलीटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये आणि नळाला क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरला पाहिजे. हे बघायला डीएनए लागत नाही. ओटी टेस्टच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या, औषधाचे दोन थेंब टाका, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. खेड्यातला पाणीपुरवठा कर्मचारीही टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर हेच करतो. आपल्या वार्ताहरांनी एक दिवस ती बाटली घेऊन बाळीवेस ते सात रस्ता नळानळाला फिरावं आणि कुठं पिवळं झालं, कुठं नाही, ते नकाशासह छापावं. ती बातमी मी कापून फ्रीजवर लावीन.

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून आम्ही ते पिंपात साठवतो, आणि पिंपात साठवलं की क्लोरीन उडून जातो. तेव्हा पाणी कधी येणार हे वेळेवर कळणं हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. आपल्या अंकातलं वेळापत्रक आणि नळ यांची गाठ क्वचितच पडते. त्याखाली तक्रारीसाठी जो फोन नंबर छापता, तो एका टेलरिंगच्या दुकानाचा आहे. ते गृहस्थ सज्जन आहेत. आता आम्हाला आवाजावरून ओळखतात आणि विचारायच्या आधीच सांगतात, "नाही आलं हो वहिनी, आमच्याकडंपण नाही आलं." त्यांची तरी सुटका करा.

आपली,
एक चटणीवाली, बाळीवेस, सोलापूर
(नाव छापू नये. दुकानदारांशी हिशेब अजून बाकी आहे.)