आबांच्या गोंधळाचे कारण शोधा

मँचेस्टर

ती. दादा यांस सा. न. वि. वि.

वहिनींनी काल फोनवर सांगितले, की शनिवारपासून आबा दिवेलागणीला निपाणीच्या वखारीत असल्यासारखे बोलतात, तंबाखूच्या गाड्या उतरल्या का म्हणून विचारतात, आणि सकाळी मात्र खानापुरातले आपले घर त्यांना नीट ओळखू येते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून शेजारीपाजारी मोकळे होतील, पण मला ते पटत नाही. स्मृतिभ्रंश सहसा महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. दोन-चार दिवसांत उद्भवलेला, संध्याकाळी वाढणारा आणि सकाळी ओसरणारा गोंधळ बहुधा शरीरातल्या दुसऱ्याच बिघाडामुळे होतो, आणि तो बिघाड वेळेत सापडला तर पुष्कळदा माणूस पूर्ववत होतो.

आमच्या वॉर्डात असा रुग्ण आला, की लघवीचा आणि छातीचा संसर्ग आम्ही प्रथम तपासतो, कारण उतारवयात ताप न येताही संसर्ग असू शकतो. मला मात्र आबांच्या सोडियमची, म्हणजे मिठातल्या त्या क्षाराची, अधिक काळजी वाटते. रक्तात ते साधारण १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असावे लागते. रक्तदाबासाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ते घसरू शकते, आणि आबांना तीच गोळी चालू आहे. पण म्हणून घरच्या घरी मीठ-पाणी पाजू नका. फार घसरलेले सोडियम घाईने वर नेले तर मेंदूला इजा होते; ते डॉक्टरांनाच मोजूनमापून करू द्या.

साखर मात्र घरच्या यंत्रावर आजच पाहा. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण टळले असेल आणि आकडा ७० च्या खाली असेल, तर आबा शुद्धीवर असून नीट गिळत असल्यास त्यांना लगेच साखरपाणी द्या. सर्दीची गोळी, झोपेची गोळी, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता यांनीही वृद्ध माणूस भांबावतो. गेल्या काही आठवड्यांत ते मोरीत घसरले होते का, हेही आठवून सांगा, कारण डोक्याला लागल्यावर कवटीच्या आत हळूहळू साठलेले रक्त उशिरा त्रास देते.

उद्या सकाळीच त्यांना बेळगावला न्या आणि तपासणीच्या वेळी स्वतः जवळ थांबा. आबांचे कन्नड बाजारापुरतेच आहे. कन्नडमधल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर तो भाषेचा अडसर की भ्रम, हे नव्या डॉक्टरांना कसे कळणार? वार, गाव तुम्हीच मराठीतून विचारा, फाल्गुनापासून उलटे महिने म्हणायला सांगा. चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नका. ते गप्प होऊन दिवसभर झोपू लागले, तर बरे वाटते आहे असे समजू नका. भ्रमाचा तोही एक प्रकार आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. झटके आले, तोंड वाकडे झाले किंवा हाक मारूनही जागे होईनात, तर उद्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

तोवर रात्री खोलीत दिवा असू द्या, आणि ‘वखार कुठली, आबा’ म्हणून हुज्जत घालू नका. वहिनी शांतपणे त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवतात, तसेच करा. घरातल्या सर्व गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मला आज रात्रीच पाठवा, वैद्यांकडच्या पुड्यासुद्धा.

तुमची धाकटी बहीण,
सुमन