जहाज बुडाल्यावर बेटावर कोण राहिलं तेही छापा

मा. संपादक,

बुडालेल्या जहाजांच्या बातम्या तुमच्या पेपरात आल्या की मी आधी त्याच वाचतो, पण नव्वद टक्के वेळा त्यात खजिनाच असतो, किती सोनं, किती नाणी, मालकी कुठल्या देशाची. कोलंबियाजवळ 1708 मध्ये बुडालेल्या सान होसेचंच बघा, माणसं बुडाली ती एका ओळीत आणि सोन्यावर रकानेच्या रकाने. म्हणून म्हटलं एकदा त्रोमलँ बेटाबद्दल लिहावं, कारण हे कुणी फारसं छापत नाही आणि मला ते फार लागतं.

मादागास्करच्या पूर्वेला भर हिंदी महासागरात हा जेमतेम एक चौरस किलोमीटरचा वाळूचा तुकडा आहे, मोठं झाड नाही, सगळ्यात उंच जागा सात मीटर. 1761 च्या जुलैअखेरीस फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं युतील नावाचं जहाज रात्री इथल्या खडकावर आदळलं. जहाजावर दोन नकाशे होते आणि बेटाची जागा दोन्हीत वेगळी, तरी कप्तान लाफार्गने रात्री जहाज थांबवलं नाही. पोटात मादागास्करहून घेतलेले 160 च्या आसपास गुलाम होते, तेही चोरून, कारण तेव्हा मॉरिशसच्या गव्हर्नरने गुलाम आणायला बंदी घातली होती. ते खाली कोंडलेले, त्यामुळे त्यातले कितीतरी तिथेच बुडाले, खलाशी मात्र बहुतेक वाचले.

पुढे विहीर खणली, मचूळ का होईना पाणी लागलं, आणि कास्तेलां या अधिकाऱ्याच्या हाताखाली जहाजाच्याच लाकडातून दोन महिन्यांच्या आत एक होडी बांधून झाली, कामाला गुलामही होते बरं का. 27 सप्टेंबरला त्या होडीत सव्वाशेच्या आसपास फ्रेंच बसले आणि साठ-ऐंशी मादागास्करची माणसं वाळूवर ठेवून निघून गेले. तीन महिन्यांचं खाणं ठेवलं आणि परत न्यायला येतो असा शब्द दिला. कास्तेलांने नंतर जहाज मागितलं, पण गव्हर्नर नाहीच म्हणाला.

पंधरा वर्षं! 1776 च्या नोव्हेंबरात त्रोमलँ नावाचा अधिकारी पोचला तेव्हा सात बायका आणि आठ महिन्यांचं एक बाळ एवढेच उरले होते.

आता कुणी म्हणेल त्या काळात असंच चालायचं, पण मला तो मुद्दाच पटत नाही, कास्तेलांलाही ते चुकीचं वाटलंच होतं की, म्हणून तर तो मागे लागला होता.

2006 पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मॅक्स गेरू यांच्या टीमने तिथे उत्खनन केलं आणि जे सापडलं ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पोवळ्याच्या दगडांच्या जाड भिंतींची घरं, एकमेकांना चिकटून बांधलेली, वादळात टिकावीत अशी, आणि मादागास्करमध्ये तेव्हा दगडी बांधकाम थडग्यांसाठी असायचं, म्हणजे जगायचं तर रीतही मोडायला लागली. तांब्याच्या भांड्यांना भोक पडलं की तांब्याचाच तुकडा रिव्हेट मारून ठिगळासारखा लावलेला, तो गेला की दुसरा. कासवांची आणि समुद्रपक्ष्यांची हाडं ढिगांनी. आणि तांब्याच्या बांगड्यासुद्धा, म्हणजे एवढ्या हालातही कुणीतरी बसून दागिना घडवला! सोन्याच्या नाण्यांपेक्षा ती ठिगळं लावलेली भांडी मला हजारपट मोलाची वाटतात, त्यांचे फोटो छापा ना कधी.

मॉरिशसला नेल्यावर या बायकांना स्वतंत्र जाहीर केलं, बाळाचं नाव झाक मोईझ ठेवलं. आईचं नाव सेमियावू, ते नोंदीत आहे, पण बाकी बहुतेकांची नावं कुठेच नाहीत, बेटाला नाव मिळालं ते न्यायला आलेल्या अधिकाऱ्याचं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी बुडालेल्या जहाजावर लेख येईल तेव्हा जहाजाच्या पोटात कोण होतं, होडीत कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही, यावर एक परिच्छेद तरी द्या, आणि त्रोमलँवर रविवारच्या पुरवणीत पूर्ण पान दिलंत तर फारच छान.

तुमचा एक नेहमीचा वाचक