आई-बाबा, गाडी घेतली

पुणे, रविवार

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर नीट बोलणं झालं नाही. "दुसऱ्याची वापरलेली, त्यातून बॅटरीची," एवढंच बोलून बाबा गप्प झाले. ते गप्प झाले की मला चैन पडत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी टोयोटाची हायरायडर, 2023 ची, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी. एकाच मालकाची, 41,000 किलोमीटर चाललेली. 13 लाख 80 हजारांना ठरली. नवीचा हप्ता मला झेपला नसता. आणि नुसती पेट्रोलची घेतली असती तर सिंहगड रोडच्या गर्दीत रोज पैसे जाळत बसावं लागलं असतं.

पण खरं कारण आईचा गुडघा. मार्चमध्ये तपासणीला आलात, तेव्हा स्वारगेटला एसटीच्या पायऱ्या उतरताना तू माझा दंड धरलास ना आई, ती पकड अजून जाणवते. माझ्या जुन्या गाडीत तुला पार खाली वाकून बसावं लागायचं. हिची सीट उंच आहे. पाठ करून टेकायचं आणि पाय आत घ्यायचे, बस्स. आता दवाखान्याच्या तारखेला तुम्ही एसटीने यायचं नाही, मी न्यायला येईन.

बाबा, ही घ्यायच्या आधी एक गाडी मी नाकारली. साठ हजारांनी स्वस्त होती, चकचकीत धुतलेली, आत अत्तरासारखा वास. मी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी आत गुंडाळलेलाच राहतो त्या वीतभर भागावर पिवळट रेघ होती. नखाने खरवडली तर बारीक माती बोटाला आली. सीटखालचे बोल्टही गंजलेले. विकणारा म्हणत होता, गाडीला पाणी लागलंच नाही. मला आपलं घर आठवलं. 22 जुलै 2021 चा पूर ओसरल्यावर तुम्ही कपाटाचे खण पूर्ण बाहेर काढून मागची फळी मला दाखवली होतीत. "पाणी जातं, गाळ कोपऱ्यात राहतो," म्हणाला होतात. मी वाद घातला नाही, चावी परत दिली आणि निघाले.

या गाडीच्या मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. बटण दाबलं तर काहीच आवाज नाही, फक्त समोर 'रेडी' असा दिवा लागला. थोड्या वेळाने इंजिन आपलं आपण सुरू झालं, कुठे धक्का नाही की खडखड नाही. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन हायब्रिड बॅटरी स्कॅनरवर तपासून घेतली. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, ती धूळ-केसांनी तुंबली तर बॅटरी तापते. ती स्वच्छ होती. सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी आहेत. या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते, म्हणजे अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. मालक बदलला तरी ती गाडीबरोबर राहते, हेही तिथेच विचारून घेतलं.

आई, तू विचारलंस, घरी चार्जिंग कुठे करणार? करायचंच नाही. प्लगच नाही हिला. ब्रेक लावला किंवा उतार लागला की चाकांच्या फिरण्यातूनच वीज तयार होते आणि बॅटरीत साठते. गर्दीत गाडी त्या विजेवर सरकते, तेवढा वेळ इंजिन बंद. बॅटरी लहानशीच आहे, एक युनिटही वीज मावत नाही तिच्यात, पण ती दिवसभर भरते आणि रिकामी होते. कंपनी लिटरला 27.97 किलोमीटर सांगते. मला शहरात एसी लावून 22 मिळाले आणि मी समाधानी आहे.

घाटाचं मात्र बाबांना सांगायला हवं. कुंभार्ली उतरताना बॅटरी लवकर भरून जाते. पुढे गिअर 'बी' वर घ्यायचा, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. चढताना उलट इंजिन मोठ्याने ओरडतं. तुम्ही शेजारी बसला असाल तर घाबरू नका, ही गाडी अशीच चढते. आणि तुम्ही आल्या आल्या बॉनेट उघडणार हे ठाऊक आहे. आत जाड नारिंगी वायरी दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. त्यांत जिवावर बेतेल एवढा करंट असतो.

कागदांचं काम चालू आहे. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलंय. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 दिल्यावर आरसी बुकावरचा बोजा उतरेल. मालकी बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. ई-चलन एकही बाकी नव्हतं. विमा 14 दिवसांत माझ्या नावावर व्हायला हवा, त्याचा अर्ज कालच दिला.

एक उणीव आहे, तीही सांगते. बॅटरी मागे असल्यामुळे डिकी लहान झाली आहे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या नेताना मागची सीट पाडावी लागेल. आणि पावसाळ्यात गाडी घरी असताना पाणी चढायची नुसती शंका आली, तरी मी ती आधीच वरच्या रस्त्याला नेऊन लावणार. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

येत्या शनिवारी पहाटे निघते, म्हणजे कुंभार्ली उजेडात उतरेन. पाटणला चहा घेईन आणि तिथून फोन करेन. अंगणात वळवायला जागा लागेल, बाबा, तेवढी लाकडं गड्याकडून फणसाखाली सरकवून घ्या, स्वतः उचलू नका. आणि हिचा आवाज येत नाही, तेव्हा मांजराची पिल्लं त्या वेळी पडवीत कोंडून ठेवा.

तुमची,
लेक